वसईची मोहीम, अडलेली कादंबरी आणि पंच्याऐंशी हजारांचा प्रश्न

पालघर जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते बँकेत नोकरीला आहेत. चिमाजी आप्पांच्या पोर्तुगिजांविरुद्धच्या वसई मोहिमेवर कादंबरी लिहायची त्यांची जुनी इच्छा आहे. टिपणांच्या वह्या भरल्या आहेत, तीन प्रकरणं लिहून झाली आहेत आणि गाडी तिथेच थांबली आहे. ते विचारतात : प्रेरणा टिकवायची कशी? नोकरी सांभाळून रोज किती लिहावं? तारखांमध्ये चूक झाली तर अभ्यासक फाडून खातील, त्याचं काय? आणि एका प्रकाशकाने 'पुस्तक काढतो, पंच्याऐंशी हजार द्या' असं सांगितलं आहे, तर द्यावेत का?

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : आत्ता देऊ नका. कारण पुढे येईलच. कादंबरी पूर्ण झालेली नसताना प्रकाशनाचे पैसे ठरवणं हा मुळात उलटा क्रम आहे.

तुम्ही पाठवलेल्या प्रकरणांच्या सारांशावरून अडचण कुठे आहे ते दिसतं. पहिलं प्रकरण वसई पोर्तुगिजांना मिळाली त्या १५३४ च्या तहापासून सुरू होतं, दुसऱ्यात पोर्तुगिजांचा दोनशे वर्षांचा कारभार, तिसऱ्यात बाजीराव आणि चिमाजी यांचं बालपण. म्हणजे साठ पानं झाली आणि अजून कुणी कुणाशी धड बोललेलं नाही. हा प्रेरणेचा प्रश्न नाही. वाचकाला सगळं आधी समजावून सांगितल्याशिवाय गोष्ट सुरू करता येत नाही, असा लेखकाचा समज झाला की हे होतं. ती साठ पानं तुमच्यासाठी होती. बाजूला ठेवा आणि थेट १७३९ च्या जानेवारीत उतरा. केळवे-माहीम, तारापूर या ठाण्यांवर हल्ले चालू आहेत, तारापूरला सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले आहेत आणि वसईचा कोट अजून उभा आहे. १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे शहर कसं घेतलं, त्यात अंजूरच्या नाईक घराण्याचा हात काय होता, हे कुणाच्या तरी बोलण्यात दोन वाक्यांत येऊ शकतं.

दुसरी अडचण नायकाची. चिमाजी आप्पांची आणि त्यांना आलेली पत्रं इतकी छापली गेली आहेत की त्यांच्या मनात शिरायला कादंबरीकाराला फार जागा उरत नाही, आणि वाचकाच्या डोक्यात त्यांची मूर्ती आधीच घडलेली असते. त्यांना कादंबरीत ठेवा, पण दुरून दिसू द्या. डोळे दुसऱ्या कुणाचे तरी घ्या. छावणीतला एखादा कारकून चालेल. तो पत्रं लिहितो, म्हणजे गेलेल्या पत्रात काय होतं ते त्याला ठाऊक असतं, पण उत्तर येईपर्यंत तोही आंधळा असतो. किंवा पापडीच्या बाजूचं एखादं भंडारी नाहीतर कुपारी (वसईतला ख्रिस्ती समाज) कुटुंब घ्या, ज्याचे नातेवाईक तटाच्या दोन्ही बाजूंना आहेत. तुम्ही त्याच भागात राहता, वाडवळी आणि सामवेदी बोली तुमच्या कानावर आहेत. पुण्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला हे मिळणं अवघड आहे.

इथेच प्रेरणेचंही उत्तर आहे. पराक्रमाचा अभिमान दहा पानं पुरतो, पुढची तीनशे नव्वद एखादा न सुटलेला प्रश्न ओढून नेतो. असे प्रश्न पत्रांमध्येच सापडतात. एका पत्रात 'दारूगोळा पाठवा' आणि बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या पत्रात 'दारूगोळा पावला'. मधले दिवस छावणीने कसे काढले? कोण पळून गेलं, कुणी कुणावर खापर फोडलं? इतिहासकार तिथे गप्प बसतो, कारण त्याच्याकडे कागद नसतो. तुमचं काम नेमकं तिथे सुरू होतं. म्हणून टिपणवहीत घटनांबरोबर या रिकाम्या जागांचीही यादी करा. पत्र पोचल्याची तिथी आणि लिहिल्याची तिथी दोन्ही बहुधा उत्तरात असतात ('तुम्ही अमुक तिथीचे पत्र पाठविले ते अमुक तिथीस पावले'). तेवढ्यावरून जासूद किती दिवसांत पोचला ते निघतं. मग नादिरशहाने मार्चमध्ये दिल्लीत केलेली कत्तल तुमच्या कारकुनाला दुसऱ्या दिवशी कळणार नाही.

आता तारखा. तुमची भीती रास्त आहे. वसईच्या बाबतीत सापळे जरा जास्तच आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पोर्तुगीज १५८२ पासून ग्रेगोरियन पंचांग वापरत होते. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या, ज्युलियन पंचांगावरच होते. अठराव्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर पडतं. म्हणून वसईच्या शरणागतीची तारीख एका पुस्तकात १६ मे १७३९ आणि दुसऱ्यात ५ मे दिसते. दोन्ही बरोबर आहेत, दिवस एकच आहे. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा लेखक एक तारीख इंग्रजी कागदातून आणि दुसरी पोर्तुगीज कागदातून उचलतो आणि मध्ये अकरा दिवसांचा काल्पनिक वेढा रचतो. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे जानेवारी १७३९ मधलं त्यांचं पत्र 'जानेवारी १७३८' असं, किंवा १७३८/९ अशा जोडआकड्याने मिळेल.

मराठी पत्रांत तऱ्हा वेगळी. कधी शक आणि तिथी असते, कधी 'छ' हे अक्षर आणि पुढे सफर, मोहरम असा मुसलमानी महिना. त्या 'छ'चा अर्थ चांद्र तारीख. वर्ष मात्र शुहूर सनाचं (मराठी दफ्तरात चालणारी सौर वर्षगणना) आणि तेही अरबी शब्दांत : 'तिसा सलासीन मया व अलफ', म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३९. हा हिजरी सन नव्हे. हिजरी ११३९ समजलात तर बारा-तेरा वर्षं मागे, १७२६-२७ मध्ये जाऊन पडाल. शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. जून ते डिसेंबरच्या घटनांना त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतच्या घटनांना ६००. म्हणून ११३९ मधला मे महिना १७३९ चा. पडताळणीला मोडकांची जंत्री, म्हणजे जुन्या तिथी-तारखा ताडून पाहायचं कोष्टकांचं पुस्तक, जवळ ठेवा. ती १७२८ पासून पुढची आहे, म्हणजे तुमच्या कामाची.

एवढी खटपट फक्त चूक टाळण्यासाठी नाही. तिथी कळली की रात्र कळते. १६ मे १७३९ हा शक १६६१ च्या वैशाख शुद्धातला अष्टमी-नवमीच्या सुमाराचा दिवस. म्हणजे अर्धा चंद्र, मध्यरात्रीच्या आसपास मावळणारा. कोकणात भरतीची वेळ काढायचा ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास आणि ओहोटी मध्यरात्रीला. चंद्र मावळायला आणि पाणी उतरायला एकच वेळ. त्यातही भांगाचे दिवस, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. आठवड्याने, २३ मेला, पोर्तुगीज शिबंदीने कोट सोडला तेव्हा पौर्णिमेचा सुमार होता : उधाण, आणि पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास. गलबतं कधी लागतील, सामान केव्हा चढवता येईल, बायकामुलं किती वेळ उन्हात उभी राहतील, हे सगळं या एका आकड्यातून निघतं. हा हिशेब अंदाजाचा आहे, पण 'चांदण्या रात्री' असं हात सैल सोडून लिहिण्यापेक्षा बरा.

साधनांबद्दल थोडक्यात. मोडी येत नाही म्हणून थांबू नका. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत वसई मोहिमेची पत्रं देवनागरीत छापलेली आहेत. पोर्तुगीज बाजूसाठी इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचं काम मराठीत उपलब्ध आहे आणि मूळ कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल (कागदांची गाठोडी) स्वतः सोडायचे असतील तेव्हा मोडी शिका, पहिल्या खर्ड्यासाठी गरज नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात एक दिवस घालवायचा तर आधी प्रश्न लिहून न्या. 'वसईविषयी काय आहे?' असं विचारलं तर कपाटभर पुस्तकं मिळतील. 'सुरुंग खणायला किती माणसं लागली?' असं विचारलं तर पान मिळेल.

विश्वासाचा क्रम साधा ठेवा : त्याच आठवड्यातलं पत्र पहिलं, नंतर लिहिलेली हकीकत दुसरी, बखर तिसरी, दंतकथा शेवटी. पण दंतकथा फेकून देऊ नका. 'कोट हाती येत नसेल तर माझं मस्तक तरी तोफेने आत उडवा' हे आप्पांच्या तोंडचं वाक्य तुमच्या प्रत्येक वाचकाला माहीत आहे. ते आप्पांच्या तोंडी घातलंत तर अभ्यासक हसेल, गाळलंत तर बाकीचे रागावतील. दुसऱ्या दिवशी छावणीत चुलीपाशी एक शिलेदार दुसऱ्याला सांगतोय, 'आप्पा म्हणे असं बोलले', आणि तिसरा त्यात आपली भर घालतोय, असं लिहा. वाक्य आलं आणि खोटंही काही लिहिलं नाही.

भाषेत दोन टोकं टाळा. सगळी पात्रं 'हुजूर, आज्ञा शिरसावंद्य' असं बोलू लागली की नाटक कंपनी होते. पत्रांतली फारसीमिश्रित भाषा ही लिहिण्याची रीत होती, आईने मुलाशी बोलायची नव्हे. निवेदन आजच्या स्वच्छ मराठीत ठेवा आणि जुने शब्द फक्त वस्तूंना वापरा : तोड्याची बंदूक, मोर्चा, दमदमा, शिबंदी. उलट बाजूने, 'हुतात्मा', 'दिनांक' हे शब्द विसाव्या शतकात सावरकरांनी रूढ केले, ते १७३९ च्या माणसाच्या तोंडी नकोत. वेळ घटका-प्रहरांत मोजा. घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा, आणि मोजणी सूर्योदयापासून. मिनिटं आणि किलोमीटर नकळत घुसतात, शेवटी शोधून काढा. स्वयंपाकघरात तर हटकून घोटाळा होतो. मिरची चालेल. बटाटा, टोमॅटो, साबुदाणा, चहा छावणीत नको. काडेपेटीही नको, चकमक हवी.

रोजच्या लिखाणाचा हिशेब बँकेतल्या माणसाला सांगायला नको, तरी मांडतो. डेमी आकाराच्या पानावर साधारण ३०० शब्द बसतात. ४०० पानांची कादंबरी म्हणजे १ लाख २० हजार शब्द. रोज ५००, आठवड्यातून पाच दिवस, वर्षाचे ४८ आठवडे : बरोबर तेवढेच होतात. पाचशे शब्दांना सवयीच्या हाताला तास-सव्वा तास लागतो. पहाटे की रात्री हा प्रश्न गौण आहे, पण मार्चअखेर तुमच्याकडे काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा सुट्टीचे चार आठवडे तिथे टाका.

या तासात एक नियम कडक पाळा : शोधाशोध नाही. तोफेचं नाव आठवत नाही, गावाचं अंतर माहीत नाही, तर तिथे @@ टाका आणि पुढे जा. शनिवारी फक्त @@ शोधायचे. अभ्यासू माणसाच्या कादंबऱ्या बहुधा याच ठिकाणी बुडतात. एका तोफेसाठी उठतो आणि संध्याकाळी तोफांवर वीस पानांची टिपणं घेऊन परततो. लिहिलेलं मात्र शून्य. रोज थांबताना प्रसंगाच्या मध्येच थांबा, पुढचं वाक्य काय ते समासात खरडून ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही. दर प्रसंगाला एक कार्ड करा : तिथी, जागा, कोण हजर, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाला काय माहीत आहे. घटना चुकली तर अभ्यासकाला कळते. पात्राला त्या दिवशी माहीत नसणारी गोष्ट माहीत असली तर साध्या वाचकालाही काहीतरी खटकतं, फक्त काय ते सांगता येत नाही.

पहिला खर्डा संपेपर्यंत मागे वळून दुरुस्त करू नका. संपला की महिनाभर बंद करून ठेवा, मग सगळा मोठ्याने वाचा. पंधरा-वीस टक्के कापाल, आणि ते बहुतेक तुमच्या लाडक्या माहितीचे परिच्छेद असतील. त्यानंतर दोघांना द्या : एक इतिहास जाणणारा, एक अजिबात न जाणणारा. दुसऱ्याला एवढंच विचारा की कुठे वाचायचं थांबावंसं वाटलं.

मग प्रकाशन. मराठीत मध्यस्थ एजंटांची पद्धत रुजलेली नाही, थेट प्रकाशकाला पाठवायचं असतं. ओळख लागते हा समज अर्धाच खरा. जास्त हस्तलिखितं चुकीच्या दारात गेल्यामुळे परत येतात. ऐतिहासिक कादंबऱ्या छापणारी पाच-सहा प्रकाशनं निवडा, त्यांची गेल्या काही वर्षांतली पुस्तकं दुकानात उलटून पाहा. पाठवताना एक पानाचं पत्र, दोन पानांचा गोषवारा (शेवटासकट, 'पुढे काय होते ते वाचूनच पाहा' हा प्रकार नको) आणि सुरुवातीची पन्नास पानं. मजकूर युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केला असेल तर रूपांतर करताना रफार, 'ऱ्या'सारखी जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं फुटतात, तेव्हा पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला. पत्रात एकूण शब्दसंख्या लिहा, कारण पुस्तक सोळा पानांच्या फॉर्म्यात छापलं जातं आणि प्रकाशक मनात लगेच फॉर्मे मोजतो. तुमचे पंचवीस. तीन महिने वाट पाहा, मग एकदा विचारा. एकाच वेळी दोघातिघांना पाठवलं असेल तर तसं पत्रात मोकळेपणाने लिहा.

करारात पाहायच्या गोष्टी : हक्क लेखकाकडे राहतात की प्रकाशकाकडे जातात, आवृत्ती किती प्रतींची, मानधन छापील किमतीवर की निव्वळ विक्रीवर. नव्या लेखकाला साधारण १० टक्के मिळतात. ५०० रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती सगळ्या खपल्या तर ५० हजार, आणि सगळ्या खपायला वर्षं लागू शकतात. म्हणून नोकरी सोडायचा विचार मनात असेल तर काढून टाका. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट-मालिका हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. ऐतिहासिक विषयात शेवटचा हक्क कधी कधी पुस्तकापेक्षा मोठा ठरतो आणि 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' या एका ओळीत तो जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी असावं लागतं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. मुदत लिहूनच घ्या.

आता ते पंच्याऐंशी हजार. पैसे मागणारा प्रत्येक जण लबाड नसतो, पण मग तो प्रकाशक न राहता तुमचा छपाईचा ठेकेदार होतो, आणि ठेकेदाराला जे विचारतात ते सगळं विचारा. किती प्रती? संपादन कोण करणार? मुद्रितशोधन किती वेळा? उरलेल्या प्रती कुणाच्या? विक्रेते आणि वितरक किमतीच्या ४० ते ५० टक्के घेतात, तो वाटा कुणाच्या हिश्शातून? उत्तरं तोंडी मिळाली तर व्यवहार सोडा. स्वखर्चाने काढायचंच ठरलं तर संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि छपाई यांची दरपत्रकं वेगवेगळी घ्या. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणी पैसे लावले असतील तर बाकीचा आकडाही तपासून पाहा. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ती पहिल्याच पुस्तकासाठी असते, म्हणून घाईने स्वखर्चाने काहीतरी छापून ती संधी घालवू नका. एखादं स्वतंत्र उभं राहणारं प्रकरण दिवाळी अंकाला देता येईल. त्यासाठी मे-जूनपर्यंत मजकूर संपादकाच्या हाती हवा, गणपतीत पाठवलेला पुढच्या वर्षी जातो.

एक सावधगिरी. मोहिमेतल्या घराण्यांचे वंशज आज तुमच्या आसपास राहतात. मृत व्यक्तीबद्दलचं लिखाणही, तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलं असेल तर, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी ठरू शकतं. फितुरी, व्यभिचार अशा गोष्टी खऱ्या नावाच्या माणसाला चिकटवायच्या असतील तर हातात कागद हवा. नसेल तर ते काम काल्पनिक पात्राकडून करून घ्या, आणि त्या पात्राला त्या परिसरातलं ओळखू येणारं आडनाव देऊ नका. पुस्तकाच्या शेवटी दोन पानांची लेखकाची टीप ठेवा : कोणती पात्रं कल्पित, कुठे दोन घटना जवळ आणल्या, तारखा कोणत्या पंचांगाच्या. अभ्यासकांची निम्मी हत्यारं तिथेच खाली ठेवली जातात.

कोटाचा नकाशाही जोडा. सेंट सेबॅस्टियन बुरूज कुठे आणि रेमेडियस कुठे हे न कळता वाचक सुरुंगांच्या प्रकरणात हरवतो. नकाशा स्वतः काढून किंवा चित्रकाराकडून काढून घ्या. इंटरनेटवरचा उचललात तर त्याचा हक्क कुणाचा हा प्रश्न छपाईच्या आदल्या दिवशी उभा राहील.